शेवटच्या बाकाची मागणी

ज्या दिवशी तंद्र्याने अर्थशास्त्राच्या बाईंनी दिलेला अभ्यास पूर्ण केला, त्या दिवशी कॉलेजच्या चॅपलचा शेवटचा बाक तळ्यात होता, आणि त्या बाकावर, घोटाभर पाण्यात पाय सोडून, खुद्द पाळकसाहेब बसले होते.

पण हे घडलंच नाही असं आपण धरून चालू.

यात लबाडी काही नाही. अर्थशास्त्राची ही रीतच आहे. एखादी गोष्ट अडचणीची असली की ती नाहीच असं गृहीत धरायचं आणि पुढे निघायचं. तंद्र्या या विषयाच्या प्रेमात पडला तो या रीतीमुळेच. लहानपणापासून तो जे करत आला होता, आणि ज्यापायी घरात बोलणी खात आला होता, त्याला इथे चक्क शास्त्र म्हणत होते. घरी 'पाणी तापलंय असं धरून चालू' म्हटलं की मावशी बादली आदळायची. इथे अर्थशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर 'सर्व ग्राहक शहाणे आहेत असं धरू' असं लिहिलं आणि चाळीस जणांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं. त्यातल्या किमान पंचविसांना तंद्र्या जवळून ओळखत होता.

तर पाळकसाहेब कोरडे आहेत आणि बाक जागच्या जागी आहे.

तंद्र्याला खरं नाव होतं. ते हजेरीपटावर होतं. हजेरीत ते पुकारलं गेलं की तो दोन नावं उलटून गेल्यावर 'हजर' म्हणायचा, त्यामुळे वर्षभर दुसऱ्याच कुणाचीतरी हजेरी भरत राहिली. कॉलेज ख्रिस्ती, जुनं, दगडी. मागे एक तळं, पुढे एक घंटा. अर्थशास्त्र शिकायला आलेल्यालाही तिथे कविता, खडक, तारे आणि एखादं वाद्य शिकावं लागे. माणूस एकांगी होऊ नये म्हणून. तंद्र्या मुळातच इतक्या अंगांनी पसरलेला होता, की त्याच्यासाठी एखाददुसरं अंग काढून टाकणारं कॉलेज बरं पडलं असतं.

रोज सकाळी साडेआठला वीस मिनिटं चॅपल असे. म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनाघरात साठेक जणांनी बसायचं, एक गाणं म्हणायचं आणि पाळकसाहेबांचं चार शब्दांचं प्रवचन ऐकायचं. पाळकसाहेब म्हणजे तिथले धर्मगुरू. उंच, मवाळ, चालताना दारांनाही 'येऊ का' विचारतील असे. चॅपलला यायची सक्ती नव्हती. गैरहजर राहिलं तर पाळकसाहेब रागवायचेही नाहीत. ते काळजी करायचे. राग दोन मिनिटांत आटपतो; त्यांची काळजी सत्र संपेपर्यंत पुरायची. म्हणून सगळे यायचे.

बाक अकरा. एकामागे एक. त्यातला अकरावा, म्हणजे शेवटचा, रंगीत काचांच्या खिडकीशी होता. तिथे सकाळी निळ्या उजेडाचा एक तुकडा पडायचा. गाण्याच्या वेळी तो गुडघ्यावर असायचा, प्रवचन संपेपर्यंत सरकत सरकत हातातल्या वहीवर यायचा. त्या बाकावर सहा जण मावत, आणि त्या सहा जणांना उघड्या डोळ्यांनी झोपता येई. पहिल्या बाकावर मात्र कुणी बसत नसे. तिथे उशिरा येणाऱ्याला बसावं लागे. उशिरा कोण येई हे सांगायला नको. कॉलेजच्या वाटेवर एक भिंत होती, तिच्यावर ओल आली होती, आणि ती ओल रोज वेगळ्या देशाच्या नकाशासारखी दिसायची. बघितल्याशिवाय पुढे जाणं तंद्र्याला असभ्य वाटे.

अशात एके दिवशी बाईंनी अभ्यास दिला.

"बाजारात जाऊ नका," बाई म्हणाल्या. "बाजारात सगळेच जातात. तुमच्या रोजच्या डोळ्यांसमोर एखादी मागणी असेल, ती शोधा. मोजा. ती का आहे ते सांगा. आणि मोजत असताना इतर परिस्थिती स्थिर राहील एवढं बघा. पंख्यांची मागणी मोजताय, तर मध्येच थंडी पडून चालणार नाही."

"पडली तर, बाई?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर अभ्यास बाद. आणि अभ्यास बाद तर पुढच्या वर्षी अर्थशास्त्र नाही. जिथे जागा रिकाम्या असतील तिथे जायचं."

त्या वर्षी जागा फक्त खडकांच्या शास्त्रात रिकाम्या होत्या. खडकांशी त्याचं वैर नव्हतं. पण ओल आलेल्या एका भिंतीपायी ज्याची रोज दहा मिनिटं जातात, त्याला डोंगरापुढे उभं केलं तर तो बी. ए. होणार कधी? शिवाय खडकाबद्दल काही धरून चालता येत नाही. खडक असतो.

तो मावशीकडे राहत असे. संध्याकाळी मावशी इस्त्री करत होती.

"मावशी, मला एक मागणी शोधायचीय."

मावशीने इस्त्री उभी केली. "आधी बी. ए. हो. मग मागण्या आपसूक येतील. आणि मुलाने असं मागण्या शोधत हिंडू नये, बरं दिसत नाही."

"तसली मागणी नव्हे गं. अर्थशास्त्रातली."

"म्हणजे मुलगी अर्थशास्त्रातली आहे?"

एवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका शब्दकोडं घेऊन वर आले. काका नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. अर्थशास्त्र म्हणजे शब्दांचे अर्थ सांगायचं शास्त्र, असा त्यांचा समज होता, आणि तो घालवायचा तंद्र्याने कधी प्रयत्न केला नव्हता. कारण साऱ्या इमारतीत त्याच्या विषयाला मान देणारे तेवढेच एक होते.

"'निरर्थक'ला तीन अक्षरी शब्द सांग रे."

"पोकळ."

"बसला! बघा वहिनी, उगाच नाही शिकत तो." मग काकांनी खुर्ची ओढून सगळी हकीकत ऐकली आणि बोट वर केलं. "एक लक्षात ठेव. परवानगीचा कागद केल्याशिवाय काहीही मोजायचं नाही. परवानगीशिवाय मोजलेलं मोजलं जात नाही. आमच्या कचेरीत एका टेकडीची परवानगी आली नव्हती. मी ती जागा सपाट दाखवली. अजून सपाट आहे."

"टेकडी?"

"नकाशात."

मागणी कुठली शोधायची हे तंद्र्याला दुसऱ्या दिवशी चॅपलमध्ये, पहिल्या बाकावर बसल्या बसल्या सुचलं. मान वळवली तर मागे शेवटच्या बाकावर सहा जणांच्या जागेत आठ जण बसले होते आणि एक जण नुसताच त्या बाकाला टेकून उभा होता. मागणी म्हणतात ती हीच!

खिडकीकडच्या टोकाला रोजच्यासारखी टक्का बसली होती. टक्का त्याच्याच वर्गातली. 'मला बरं वाटत नाही' असं ती कधी म्हणत नसे. 'मला साठ टक्के बरं वाटतंय' म्हणे. ती आठ वाजून दहा मिनिटांनी येऊन जागा पकडायची. मोजायला ती आनंदाने तयार झाली. दोघांनी साठ जणांना एकच प्रश्न विचारला: तुम्हाला शेवटचा बाक हवा का? बेचाळीस जण हो म्हणाले.

"सत्तर टक्के," टक्का म्हणाली. "आणि तू विचारायला विसरलास, पण मी त्या बेचाळिसांत नाही."

"तू तर रोज तिथेच बसतेस!"

"मला शेवटचा बाक नको. मला खिडकी हवी. तुला चॅपलभर माणसं दिसतात, त्यातलं एकही दिसत नाही. नव्वद टक्के आंधळा आहेस तू."

हे तंद्र्याने वहीत लिहून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

मग तो परवानगीसाठी कचेरीत गेला. हेडक्लार्क काचेपलीकडे बसले होते.

"कशाबद्दल?"

"मागणीबद्दल."

हेडक्लार्कनी खालचा खण ओढून एक गुलाबी छापील कागद काढला. वर 'मागणीपत्र' असं लिहिलं होतं. काकांनी सांगितलेला कागद इतक्या सहज निघाला म्हणून तंद्र्या सुखावला. टेबलावर पंख्याच्या पात्यांची सावली फिरत होती आणि दर फेऱ्याला शाईच्या बाटलीला जरा हात लावून पुढे जात होती. तंद्र्या ती बघू लागला.

"वस्तू?"

"शेवटचा बाक."

"संख्या?"

"बेचाळीस."

"कारण?"

"ते अजून शोधायचंय."

"कारण, शोधकार्य," हेडक्लार्क लिहिता लिहिता म्हणाले. "सही करा." तंद्र्याने केली. शिक्का बसला. सावली बाटलीला शिवून गेली.

मागणी हा शब्द फार मोठ्या मनाचा आहे. मावशीच्या घरी त्यातून लग्न निघतं, बाईंच्या फळ्यावर वक्ररेषा निघते, आणि कचेरीत निघतं फर्निचर.

एरवी कॉलेजच्या कचेरीतून काही बाहेर पडायचं म्हणजे दोन वर्षं जात. वाचनालयाचा दिवा गेला होता, तो मागणारे विद्यार्थी पदवी घेऊन, नोकरीला लागून, मुलांना घेऊन कॉलेज दाखवायला आले तरी दिवा आला नव्हता. पण तंद्र्याचं नशीब जोरावर. कोठीत कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेचे बाक वर्षानुवर्षं अडगळ होऊन पडले होते, आणि कोणीतरी ते मागावेत म्हणून कोठीवाला डोळ्यांत प्राण आणून बसला होता. गुलाबी कागद सकाळी गेला, दुपारी सुतारमामा हजर.

"तूच का तो शेवटच्या बाकवाला?" मामांनी कानावरची पेन्सिल काढली. "बेचाळीस शेवटचे बाक म्हणजे मी समजायचं काय? शेवटचा एकच असतो रे बाबा."

"मामा, मला बाक नकोत! मला मागणी हवीय."

"मग केलीस की."

तंद्र्या धावत हेडक्लार्ककडे गेला.

"मागणी रद्द करायची तर रद्द करण्याचं मागणीपत्र लागतं," हेडक्लार्क म्हणाले. "पिवळं. ती संपलीत."

"मग कधी येतील?"

"त्यांची मागणी केलीय."

मामा रोज तीन बाक ठोकून-ठाकून बसते करत आणि असतील त्यांच्या मागे मांडत. शेवटचा म्हणजे सगळ्यांच्या मागे, एवढा उलगडा त्यांनी स्वतःपुरता करून घेतला होता. पहिल्या दिवशी बारावा, तेरावा, चौदावा आला. बेचाळीस जण अकराव्याचा नाद सोडून चौदाव्यावर तुटून पडले. दुसऱ्या दिवशी चौदावा ओस. तिसऱ्या दिवशी बाकांची रांग दारात पोचली, चौथ्या दिवशी पायऱ्या उतरली, आणि पुढच्या आठवड्यात हिरवळीवरून मोठ्या झाडाखाली गेली. रोज बेचाळीस जण पुढच्या शेवटाकडे चालत जायचे आणि रोज त्यांच्या मागे कुणीतरी आणखी तीन शेवट आणून ठेवायचं. तंद्र्या वही घेऊन त्यांच्या बरोबर चालायचा. मागणी बेचाळीस. पुरवठा वाढता. मागणी तरीही बेचाळीस. पुस्तकात असं काही नव्हतं.

पाळकसाहेबांनी प्रवचन रोजच्यासारखंच चालू ठेवलं. त्यांचा मऊ आवाज नवव्या बाकाच्या पुढे कधी गेलेलाच नव्हता. उरलेले अठरा जणही एकेक करून 'बाहेर काय चाललंय' ते बघायला गेले आणि झाडाखालीच रमले. चॅपलमध्ये टक्का तेवढी राहिली. अकराव्या बाकावर, निळ्या उजेडात, एकटी. पाळकसाहेब तिच्याकडे बघून 'आपण सर्व जण' अशी सुरुवात करायचे.

तंद्र्याला ती दारातून दिसायची. तिच्या शेजारी पाच माणसांची जागा रिकामी होती, खिडकीला लागून. सबंध वर्ष त्याने जिची स्वप्नं पाहिली ती जागा. आणि हा पठ्ठ्या बाहेर उन्हात उभा राहून इतरांची मागणी मोजत होता.

शेवटी तो बाईंकडे गेला.

"बाई, माझी इतर परिस्थिती स्थिर राहत नाहीये. रोज तीन बाकांनी लांब होतेय."

"कोण हलवतंय ती?"

तंद्र्याने वही मिटली. "मीच, बाई."

"मग तू स्थिर राहा. शुक्रवारी वही हवी. नाहीतर खडक."

घरी काकांनी नवाच प्रश्न काढला. बाक कॉलेजच्या हद्दीबाहेर गेले तर? त्यांनी जुना नकाशा आणून जमिनीवर पसरला. झाडापासून पुढे सरळ रेषेत मोजलं, तर नव्यांतला बेचाळिसावा बाक बरोबर तळ्याच्या काठाच्या आत पडत होता.

"तळं सपाट दाखवू का?" काकांनी हळूच विचारलं.

"त्याला काय विचारता?" मावशी म्हणाली. "त्याचं लक्ष आहे का! मुलगी नाही म्हणाली वाटतं."

शुक्रवार उजाडला. सुतारमामांनी एकेचाळिसावा नवा बाक काठाशी ठेवला, बेचाळिसावा खांद्यावर घेतला आणि सरळ पाण्यात उतरले.

"मामा, तिथे तळं आहे!"

"कागदावर बेचाळीस आहे. तळ्याचा कागदावर उल्लेख नाही."

साडेआठला घंटा झाली. बूट हातात घेऊन सहा भाग्यवान पाण्यातल्या बाकावर बसले, बाकीचे आपापल्या परीने त्याच्या जवळात जवळ. सकाळ मोठी सुरेख होती. पाण्यावर ऊन हलत होतं आणि त्याची जाळी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर थरथरत होती. जणू साऱ्या वर्गाला कुणी हळूच विसळून वाळत घातलं होतं. तंद्र्या पाण्यात उभा राहून मोजत होता आणि मोजता मोजता चौदावर थांबून त्या जाळीकडे बघत राहिला होता.

म्हणून पाळकसाहेब चॅपलमधून बाहेर आलेले त्याला उशिरा दिसले. हातात पुस्तक घेऊन ते एकेका बाकाजवळून, प्रत्येकाला मान लववत चालत येत होते. हिरवळ ओलांडली. झाड ओलांडलं. काठावर बूट काढले नाहीत, तसेच पाण्यात आले.

"जरा सरकता का?" शेवटच्या बाकावरच्या सहा जणांना ते म्हणाले आणि मध्ये बसले. "आज इथूनच बोलतो."

हे घडलं नाही असं आपण मघाशीच धरलं आहे, त्यामुळे त्यांचे मोजे भिजले हे इथे लिहिता येत नाही.

आधी सहाही जण उठले. 'सर, पाणी गार आहे हो,' असं काहीतरी पुटपुटत काठावर आले. मग एकेचाळिसाव्यावरचे उठले, चाळिसाव्यावरचे उठले, आणि मग बघता बघता सगळे, अगदी सभ्यपणे, पण ज्याला पळणं म्हणतात त्याच वेगाने, उलट दिशेने निघाले. झाड, हिरवळ, पायऱ्या, दार. तंद्र्याने टाचा उंचावून पाहिलं. कॉलेज उघडल्या दिवसापासून जो बाक कधी भरला नव्हता, त्या पहिल्या बाकावर माणसांचा ढीग पडला होता.

"बस," पाळकसाहेब म्हणाले.

तंद्र्या बसला. बाक दोन बोटं खाली गेला.

"काय मोजतोस रे तू रोज?"

"मागणी."

"बाकांची?"

तंद्र्याने चॅपलच्या दाराकडे पाहिलं. एवढे दिवस जे बघत होता ते त्याला आत्ता दिसलं, आणि दिसलं तेव्हा ते बोलायला जीभ रेटेना. "नाही, सर. बाक कुणालाच नको होता. तुमच्यापासून लांब... म्हणजे मागणी अंतराची होती. मला माफ करा."

पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मांडीवर ठेवलं.

"एवढंच ना? हे मला पंधरा वर्षं माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणून तर आवाज मऊ ठेवतो. पोरांची झोपमोड कशाला!" मग त्यांनी पाण्यात पाय जरा हलवून पाहिले. "पण शेवटचा पहिला कसा होतो, या बायबलातल्या वचनावर मी इतकी वर्षं बोलतोय. होताना आज बघितला. आता तूही जा आत, तुझी वाट बघणारं कुणीतरी आहे तिथे. मी बसतो जरा. इथे बरं वाटतंय."

बाईंनी वही दोनदा वाचली. "निष्कर्ष पक्का," त्या म्हणाल्या. "पद्धत बाद. इतर परिस्थिती तळ्यात गेली. सोमवारपासून तीन आठवडे देते; पुन्हा मोज. या खेपेला इतर काहीही हललं, तर खडक."

जिन्यात टक्का उभी होती. "मी पुढचे तीन आठवडे खिडकीजवळ तुझी जागा धरून ठेवते," ती म्हणाली. "आठ दहाला यायचं. भिंत बघत बसलास तर देऊन टाकीन."

"नक्की?"

"शंभर टक्के."

हे तिने आजवर कशाबद्दलही म्हटलं नव्हतं. तंद्र्या तिथेच, जिन्यात, एक घंटा होऊन गेली तरी उभा राहिला. मग कचेरीत गेला, काचेपलीकडून एक गुलाबी मागणीपत्र घेतलं, आणि या वेळी पंख्याच्या सावलीकडे न बघता, स्वतःच्या अक्षरात भरलं:

वस्तू: इतर परिस्थिती. प्रकार: स्थिर. संख्या: सर्व.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करतो की, येत्या सोमवारपासून तीन आठवडे चॅपलच्या खिडकीतील निळा उजेड नेहमीच्याच वेळी गुडघ्यावरून वहीवर आणण्यात यावा. पाळकसाहेबांचा आवाज आहे तितकाच मऊ ठेवण्यात यावा. वाटेवरील भिंतीची ओल कोणत्याही नव्या देशाच्या आकारात पसरू देऊ नये. अर्जदाराच्या शेजारील व्यक्ती, तिची टक्केवारी व तिचे मत यांत कोणताही बदल होऊ नये याची दक्षता घ्यावी. आणि सदर काळात अर्जदाराचे वय आहे तेथेच थांबवून ठेवण्याची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.